मेनूकार्ड जेवढं जाड, तेवढं जेवण पातळ?

तिखटमीठ | सोमवार, सकाळी १०:१२

परवा शनिवारी पुण्यात बाणेरला सहा जण जेवायला गेलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, लिहून काही फरकही पडत नाही. त्या रस्त्यावर तसलीच ओळीने उभी आहेत. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमसारखं, जाड पुठ्ठ्याचं. मी पानं मोजली. ३४. पंजाबी, चायनीज, काँटिनेंटल, सिझलर, मेक्सिकन नावाचं काहीतरी, आणि शेवटच्या पानावर 'मातीची चव' अशा मथळ्याखाली पिठलं-भाकरी, ३४० रुपये.

पनीर कढाई, पनीर लबाबदार आणि व्हेज कोल्हापुरी मागवली. तिन्ही वाडगे आल्यावर मेव्हण्याने प्रत्येकातला एकेक घास खाल्ला आणि विचारलं, "यातली कढाई कुठली?" कोणालाच सांगता येईना. शेवटी वेटरला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं आणि ढोबळी मिरचीच्या तुकड्यावरून ओळख पटवली. बिल ४,८६० रुपये.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच फडके हौदाजवळ वैद्यांकडे गेलो. १९१२ सालचं उपाहारगृह. मिसळीला लाल तर्री नाही, आलं आणि हिरवी मिरची लावलेला रस्सा. खाऊन झाल्यावर तासभर जिभेवर आलं रेंगाळत होतं. पैसे विचाराल तर आदल्या रात्रीच्या एका रोटीच्या टोपलीपेक्षा कमी.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते मांडतो. ज्या स्वयंपाकघरात रोज तेच चार पदार्थ होतात, तिथला हात बसलेला असतो. माल रोज संपतो, म्हणून रोज नवा येतो. प्रभाचा बटाटेवडा घ्या, बेडेकरांची मिसळ घ्या, कर्वे रस्त्यावरची काटाकिर्र मिसळ घ्या. यातल्या कोणाकडेही तुम्हाला सिझलर मिळणार नाही. आणि यांच्याकडे एक शब्द ऐकू येतो तो बाणेरला कधीच येत नाही: "संपलं." रात्री अकरा वाजता दोनशे पदार्थांतला एकही संपलेला नसेल तर मला आनंद होत नाही, भीती वाटते. ते सगळं कुठे ठेवलेलं असतं?

म्हणून आता नियम केलाय. मेनूकार्ड एका पानात मावत नसेल तर बसायचंच नाही. पटतंय का बघा. नाही पटलं तर भांडा.


रविवारची_सुट्टी | सोमवार, सकाळी ११:०५

भांडतेच. वैद्यांकडे 'एकटाच' गेलात ना? तिथेच सगळं आलं.

आमच्या घरी पाच माणसं. सासूबाई ७६ वर्षांच्या, कांदा-लसूण नको. सासऱ्यांना साधा वरणभात मिळाला तरी चालतो, पण मिळायला हवा. मुलगा नऊ वर्षांचा, नूडल्स सोडून जगात काही खाण्यासारखं आहे यावर त्याचा विश्वास नाही. नवऱ्याला तंदूर. आणि मला एवढंच हवं असतं की आठवड्यातून एकदा "आज काय करू?" हा प्रश्न दुसऱ्या कोणीतरी सोडवावा. या पाच जणांना घेऊन मी काटाकिर्रला जाऊ? तुमच्या ३४ पानांच्या अल्बममध्ये आमच्या घरातली पाचही माणसं सापडतात हो.

दुसरं. तुमच्या त्या पेठांतल्या पवित्र ठिकाणी बायकांना जायला जागा असते का, हे कधी पाहिलंयत? मी विचारलं की मोरीकडे बोट दाखवतात. मुलगा पोटात असताना एका नावाजलेल्या मिसळीच्या रांगेत पाऊण तास उभी होते. आत गेल्यावर पद्धत काय, तर खाणाऱ्याच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं आणि त्याचा शेवटचा घास कधी होतोय ते बघायचं. तो बिचारा घाईघाईने गिळतोय, मी आठव्या महिन्याचं पोट घेऊन त्याच्या मानेवर श्वास सोडतेय. मिसळ उत्तम होती. परत गेले नाही.


गिरगावकर | सोमवार, दुपारी १२:४०

तिखटमीठ, मुंबईकडून अनुमोदन. माटुंग्याला स्टेशनासमोर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालापासून. तिथे मेनू वाचायचा नसतोच. केळीच्या पानावर जे येतं ते जेवायचं. दादरला मामा काण्यांकडे वडा, ग्रँट रोडला बी. मेरवानकडे सकाळी लवकर उठून मावा केक घ्यायचो. उशीर झाला तर रिकामा ट्रे बघून परत. बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया कित्येक दशकं फक्त दुपारच्या जेवणापुरतं उघडायचं आणि लोक त्या बेरी पुलावासाठी ऑफिसातून हाफ डे टाकायचे.

आमच्या खोताच्या वाडीत अनंताश्रम होता. आता बंद झाला. फळ्यावर त्या दिवशीचे मासे लिहिलेले. मालकांचा चेहरा असा, की जास्तीची सोलकढी मागायलाही धीर गोळा करावा लागे. पण त्या बांगड्याच्या तिखल्यासारखं तिखलं पुन्हा कुठे मिळालं नाही.

रविवारची_सुट्टी, बायकांच्या सोयीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर बचाव नाही.


एकेकाळचा_हॉटेलवाला | सोमवार, दुपारी ३:२०

मी कोथरूडला अकरा वर्षं मल्टिक्युझिन हॉटेल चालवलं, लॉकडाऊनमध्ये बंद केलं. मेनूकार्ड २२ पानांचं होतं. आता कोणाला घाबरायचं कारण नाही, तेव्हा आतली गोष्ट सांगतो.

तुमच्या मेव्हण्यांची जीभ चांगली आहे. पंजाबी विभागात साधारण तीन ग्रेव्ह्या असतात. लाल, म्हणजे टोमॅटोची. पांढरी, म्हणजे उकडलेला कांदा, काजू आणि मगज, मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या बिया. काजू महागला की बियांचं प्रमाण वाढतं. आणि पिवळी किंवा ब्राऊन, तळलेल्या कांद्याची. सकाळी दहाला मोठ्या पातेल्यांत या चढतात. शाही पनीर म्हणजे पांढरी. बटर मसाला म्हणजे लाल, वर बटर आणि क्रीम. लबाबदार म्हणजे लाल आणि ब्राऊन, वर किसलेलं पनीर. कढाई म्हणजे तीच, त्यात ढोबळी मिरची आणि जाडसर कुटलेले धणे. कोल्हापुरी म्हणजे ब्राऊन, वर लाल तिखट आणि एक तळलेली सुकी मिरची उभी खोचलेली. नावं साठ, पातेली तीन. ऑर्डर आल्यापासून सात-आठ मिनिटांत टेबलावर भाजी जायची असेल तर दुसरा मार्गच नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग साठ नावं कशाला? कारण मी एकदा कमी करून पाहिली. २०१४ साली मेनू सहा पानांवर आणला. गिऱ्हाईक आत यायचं, कार्ड चाळायचं आणि विचारायचं, "बस, एवढंच?" सहा जणांच्या टेबलात एकाला हवं ते मिळालं नाही की सहाही जण उठून शेजारी जातात. अडीच महिन्यांत कार्ड परत २२ पानांचं केलं. मेनू जाड आम्ही नाही केला साहेब, तुमच्या सहाव्या माणसाने केला.

आणि लांब मेनू म्हणजे वाईट जेवण हे गणित फसवं आहे. उडुपी हॉटेलचं कार्ड बघा. साधा डोसा, मसाला डोसा, म्हैसूर, रवा, उत्तप्पे सात प्रकारचे, इडली, इडली फ्राय, मेदूवडा, दहीवडा. चाळीस नावं सहज होतात. आत काय असतं? दोन-तीन पिठं, एक सांबार, दोन चटण्या, एक बटाट्याची भाजी. जगन्नाथ शेट्टींनी वैशाली आणि रूपाली उभी केली, त्यांची कार्डं काही एका पानाची नाहीत, आणि तरी पुण्याच्या चार पिढ्या तिथे वाढल्या. तेव्हा पानं मोजू नका. पातेली मोजा.


तिखटमीठ | सोमवार, दुपारी ४:०५

हॉटेलवाले काका, दंडवत. इतकं आतलं कधी कोणी सांगितलं नव्हतं.

पण यात मला माझाच मुद्दा दिसतोय. उडुप्याकडे तीन पिठं, तुमच्याकडे तीन ग्रेव्ह्या. गणित सारखं, मग चवीत फरक का? माझं उत्तर: आंबवलेलं पीठ थांबत नाही. आज नाही वापरलं तर उद्या इतकं आंबट होतं की गिऱ्हाईक बशी परत पाठवतं. ग्रेव्ही थांबते. फ्रिजमध्ये जाते, सोमवारची गुरुवारी भेटते. उडुप्याचा पदार्थच त्याला प्रामाणिक ठेवतो. तुमच्या धंद्यात प्रामाणिक राहायचं की नाही ते मालकावर.


एकेकाळचा_हॉटेलवाला | सोमवार, दुपारी ४:३०

हे लागलं. पण खरं आहे. सोमवारची मंगळवारी आम्हीही वापरली आहे. गुरुवारी नाही.


पंचगंगेचा_काठ | सोमवार, सायंकाळी ६:१५

ते व्हेज कोल्हापुरीचं वाचून राहवंना. अहो, कोल्हापुरात जन्म गेला, घरात कधी व्हेज कोल्हापुरी शिजली न्हाई. आमच्याकडं मटण, तांबडा, पांढरा. पांढऱ्यात मटणाचं सूप आणि नारळाचं दूध, तिखटाचा लवलेश न्हाई. म्हणजे अर्धं कोल्हापूर पांढरं हाय, पण तुमच्या हॉटेलवाल्यांना लाल तेवढं दिसतंय. गवार, वांगं, फ्लॉवर एकत्र करून वर मिरची खोचली की झालं कोल्हापूर!

आणि धागाकर्त्यांनी मिसळीच्या यादीत बेडेकर आधी लिहिलं. चांगलं असंल, पण ती गोडसर मिसळ. त्याच्याबरोबर पाव पण न्हाई, ब्रेडच्या स्लाइस! हसू येतंय आमाला.


शनिपारकर | सोमवार, सायंकाळी ६:५०

पंचगंगेचा काठ, जरा थांबा. तुमच्या उद्यमनगरात फडतऱ्यांकडे मिसळीबरोबर काय येतं? ब्रेडच्या स्लाइसच ना? मी स्वतः खाऊन आलोय. मिसळीला पाव लावायची सवय मुंबईची. ब्रेडवरून पुण्याला हसायचं असेल तर आधी घरच्या बशीत बघा. :)

बाकी नावांचीच गंमत बघा. तुमच्याकडे कट, आमच्याकडे सँपल, नागपूरला तर्री. एकाच लाल पाण्यासाठी तीन शहरांत तीन शब्द, आणि तिन्ही शहरं म्हणणार की बाकीच्या दोघांना ते येत नाही.


पंचगंगेचा_काठ | सोमवार, सायंकाळी ७:०२

ब्रेडचं कबूल. आमचा ब्रेड वेगळा असतोय, पण कबूल. गोडाचं कबूल न्हाई.


वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, रात्री ८:३०

लाल पाणी? भाऊ, सावजीच्या तर्रीले पाणी म्हनणाऱ्याले नागपुरात पाणीच पाजत नाहीत, रडू देतात.

मुद्द्याचं बोलतो. सावजी भोजनालयं ही मूळ हलबा कोष्टी समाजाची, विणकरांची. जुन्या ठिकानी कार्ड नसते. मटन, खूर, अंडाकरी, शाकाहाऱ्याले पाटोडी, सोबत ज्वारीची भाकर नाहीतर पोळी. मसाल्यात जवस असते, त्यानं रस्सा घट्ट होते. म्हणजे तिखटमीठ साहेबांच्या नियमात बरोबर बसते.

पण मी नियमाच्या विरोधात मत टाकतो, कारण छोट्या मेनूचा माजही मी पाह्यला आहे. आमच्याकडच्याच एका नावाजलेल्या ठिकानी (नाव नाही सांगत) पाचच पदार्थ. मागच्या दिवाळीत पुण्याचे पाहुने घेऊन गेलो. मटन चिवट, भाकर गार. मालकाले सांगितलं तर म्हने, "चाळीस वर्षं झाले, कोनी बोललं नाही." झालं, संपला विषय. मोठ्या हॉटेलात निदान मॅनेजर येऊन सॉरी म्हनते आन् फुकट गुलाबजाम देते.


पेठेतला_अभ्यासू | सोमवार, रात्री ९:४५

काका, मी गेली तीन वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. माझ्या मेसला मेनूकार्ड नाही. पर्याय शून्य. रोज ठरलेल्या वेळी उघडते, ठरलेल्या वेळी बंद होते. 'संपलं' हा शब्द तर मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो, उशीर झाला की भात संपलेला असतो. तीन चपात्या, एक भाजी, आमटी. मंगळवार, गुरुवार, शनिवार सोयाबीन वडी. रविवारी फीस्ट म्हणून एक वाटी शिरा आणि संध्याकाळी मेस बंद.

तुमचे सगळे नियम लावून पाहिले. आमची मेस पुण्यातलं सर्वोत्तम हॉटेल ठरतंय. एकदा येऊन जा. माझं कूपन देतो.


रविवारची_सुट्टी | सोमवार, रात्री ९:५२

खिक्! तिखटमीठ, जा हो, कूपन वाया घालवू नका.


गिरगावकर | सोमवार, रात्री १०:१०

हाहा. अभ्यासूने एका फटक्यात थिअरी झोपवली.

मात्र फरक आहे. मेसवाल्या काकूंचं गिऱ्हाईक महिन्याभराचं बांधलेलं, पैसे आधीच दिलेले. वैद्यांकडचा माणूस उद्या येईलच असं नाही. पदार्थ चार असोत की चारशे, न येण्याची मुभा गिऱ्हाइकाला असली पाहिजे.

जाता जाता, जुन्या इराण्यांची आठवण निघाली नाही अजून. तिथला मेनू काही छोटा नव्हता. बनमस्का, ब्रुनमस्का, ऑम्लेट, अकुरी, खिमा, पॅटिस, मावा केक, कस्टर्ड. कोपऱ्यावरच्या जागा इतर दुकानदार अशुभ मानून घेत नसत, त्या इराण्यांनी उचलल्या आणि दोन रस्त्यांवर दारं उघडून बसले. तुमच्या पुण्यातलं गुडलक १९३५ सालचं, तिथेही एका पानाचं बंधन कुठे आहे? एका चहावर दोन तास बसू द्यायचे, हा खरा त्यांचा मेनू. छोटा मेनूवाला मिसळवाला तुम्हाला दहाव्या मिनिटाला उठवतो.


हिशेबनीस | सोमवार, रात्री १०:४०

अवांतर, पण ४,८६० चं बिल वाचून हात शिवशिवले. त्यात सर्व्हिस चार्ज होता का, ते बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. तेव्हा बिलात दिसला तर काढायला सांगा. नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

आणि तिखटमीठ यांच्या छोट्या हॉटेलांसाठीही एक. कंपोझिशन योजनेतला (छोट्या धंद्यांसाठी ठरावीक दराने कर भरायची सोय) हॉटेलवाला गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरायचा असतो. बिलावर 'कंपोझिशन' असं छापलेलं आणि खाली पाच टक्के लावलेले, अशी बिलं माझ्याकडे फाइलमध्ये आहेत. जेवणाची चव तुम्ही ठरवा, मी खालच्या तीन ओळी वाचतो.


तिखटमीठ | सोमवार, रात्री ११:१५

हिशेबनीस, बिल शोधलं. सर्व्हिस चार्ज होता, दहा टक्के. कोणाचंही लक्ष गेलं नाही, सहा जणांत दोन इंजिनिअर आणि एक बँकवाला असून.

बाकी, अभ्यासूचं मान्य. 'पर्याय कमी' आणि 'हात बसलेला' या दोन गोष्टी मी एक समजत होतो, त्या एक नाहीत. वऱ्हाडी भाऊंचंही मान्य. चाळीस वर्षं कोणी बोललं नाही म्हणणाऱ्या मालकांचं पुण्यात तर पीक आहे.

रविवारची_सुट्टी यांचं मात्र अर्धंच मान्य. पाच जणांसाठी थाळीची हॉटेलं आहेत की. दुर्वांकुर, श्रेयस, बादशाही. कार्ड नाही, तरी कोशिंबिरीपासून ताकापर्यंत सगळं ताटात. सासऱ्यांसाठी वरणभात, सगळ्यांसाठी बसायला खुर्ची, आणि कोणी मानेवर श्वास सोडत नाही.


रविवारची_सुट्टी | मंगळवार, सकाळी ८:३०

गेलोय. सांगते काय झालं. मुलाने दोन पुऱ्या आणि वाटीभर आमरस खाल्ला, पैसे पूर्ण ताटाचे. सासूबाईंचं जेवण एक फुलका आणि थोडा भात, पैसे पूर्ण. नवऱ्याने "अनलिमिटेड आहे" म्हणून सगळ्यांचे पैसे वसूल करायचं मनावर घेतलं आणि रविवारची दुपार पंख्याखाली आडवा होता. मी कसली सुट्टी घेतली? संध्याकाळी इनो देत फिरत होते.

तुम्ही ज्याला नियम म्हणताय ती एका माणसाची चैन आहे. ज्याला चांगलं चाखायचंय आणि ज्याच्याबरोबर कोणी नाही. त्यात वाईट काही नाही, मलाही आवडेल. पण मग तो सगळ्या हॉटेलांना लावायला जाऊ नका. बाणेरचं हॉटेल जेवण विकत नाही हो फक्त. पाच माणसं दोन तास न भांडता एका टेबलाशी बसली, याचे पैसे आहेत ते.


एकेकाळचा_हॉटेलवाला | मंगळवार, सकाळी ९:१०

ताई, हे वाक्य मला २०१४ साली कोणी सांगितलं असतं तर तो मेनू बदलायचा खर्च वाचला असता.

दोघांनाही उपयोगी पडेल अशी एक सवय सांगतो. जाड कार्डाच्या हॉटेलात गेलात तर कार्ड बाजूला ठेवा आणि आजूबाजूच्या टेबलांवर काय चाललंय ते बघा. तीन टेबलांवर तंदूर दिसली तर भट्टी तापलेली आहे, कारागीर जागेवर आहे, तंदूर मागवा. एकटा माणूस पास्ता खात असेल तर त्याच्यासाठी पाकीट फोडलंय. प्रत्येक विभागाचा कारागीर वेगळा असतो. चायनीजवाला सहसा आमच्याकडे नेपाळचा किंवा दार्जिलिंगकडचा, तंदूरवाला उत्तराखंडचा, आणि पिठलं-भाकरी? ते 'मातीची चव' पान बघून कोणी ऑर्डर दिली की आमच्याकडे भांडी घासणाऱ्या मावशींना हाक जायची. कार्डावरची तीच एक वस्तू घरच्या हाताची होती. ३४० ला महाग आहे, पण माझ्याकडे तरी ती पातेल्यातली नव्हती.

आणि मंचुरियनला नावं ठेवू नका. मुंबईत जन्मलेला पदार्थ आहे तो. १९७५ च्या सुमाराला क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वाँग यांनी आलं, लसूण आणि हिरवी मिरची फोडणीला टाकून गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, असं श्रेय त्यांना दिलं जातं. आलं, लसूण, मिरची! तुमच्या वैद्यांच्या रश्शापासून फार लांब नाही.


पंचगंगेचा_काठ | मंगळवार, सकाळी ९:४०

मंचुरियन मुंबईचं, व्हेज कोल्हापुरी कोणाचीच न्हाई. न्याय हाय का ह्यो?


शनिपारकर | मंगळवार, सकाळी १०:२०

एक राहिलं. 'संपलं' म्हणून दुपारी बंद करणं हे मोठेपणाचं लक्षण म्हणून धागाकर्त्यांनी अप्रत्यक्ष गौरवलंय. आम्ही पेठेतले लोक त्याचे विनोद सहन करत मोठे झालो. पण पहाटे चारला उठून रस्सा चढवणारा माणूस दुपारी एकला झोपणार नाही तर काय करणार? त्यात तत्त्वज्ञान नाही, झोप आहे. आमच्या शेजारचेच एक जण नाश्त्याचं छोटं हॉटेल चालवतात. त्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे, सून तिकडचीच. काका म्हणतात, माझे गुडघे आहेत तोवर मिसळ आहे. ते बंद झालं की तुम्ही 'हात बसलेला' म्हणून धागा काढाल, पण तो हात कोणी घ्यायला तयार नाही.


गिरगावकर | मंगळवार, सकाळी १०:३५

अनंताश्रम आठवला पुन्हा. गप्प बसतो.


तिखटमीठ | पुढचा रविवार, रात्री १०:५०

धागा वर काढतोय. आज आईचा वाढदिवस, ७४ पूर्ण. मी ठरवलं होतं की तिला माटुंग्याला नेतो, केळीच्या पानावर जेवू. आईने विचारलं, "तिथे रांग असते का?" असते म्हटलं. "मग तू ये जाऊन."

शेवटी बाणेर. तेच हॉटेल. त्याच टेबलाच्या शेजारचं टेबल. मी काकांनी सांगितल्याप्रमाणे इकडेतिकडे बघून भट्टी तापली आहे का याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात आईने ३४ पानांचं कार्ड न उघडता बाजूला सारलं आणि वेटरला म्हणाली, "मंचुरियन आण बाळा." म्हणजे ही कधीपासून मंचुरियन खाते? विचारलं तर म्हणाली, भिशीच्या बायका महिन्यातून एकदा जातात, पंधरा वर्षं झाली.

सर्व्हिस चार्ज काढायला लावला. मॅनेजरने काही न बोलता काढला.


रविवारची_सुट्टी | रविवार, रात्री ११:०२

काकूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि माझा नमस्कार सांगा. ड्राय की ग्रेव्ही?


तिखटमीठ | रविवार, रात्री ११:०४

ड्राय. पातेल्यांचं सगळं मी तिला गाडीत सांगून बसलो होतो.